फुकटात वाढणारे डुक्कर: एका संदेशाला उत्तर

"दहा माद्या घ्या, वर्षाला दोनशे पिल्ले मिळतील, हॉटेलातले उरलेले अन्न फुकट घाला, विलायती जात असेल तर सहा महिन्यांत शंभर किलो वजन, आणि डुक्कर आजारी पडत नसल्याने डॉक्टरचा खर्च शून्य." अशा आशयाचा संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. कुर्ल्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "मामा, पालघरच्या जागेत हे करू का?" त्याला फोनवर जे सांगितले, तेच येथे जरा नीट मांडतो.

आधी दोनशे पिल्लांचे पाहू. मादीचा गर्भकाळ 114 दिवसांचा असतो आणि त्यानंतर दीड-दोन महिने पिल्ले अंगावर पितात, त्यामुळे वर्षातून दोन वेते होऊ शकतात, हे खरे आहे. परंतु प्रत्येक वेतात दहा पिल्ले होतील आणि दहाच्या दहा विक्रीपर्यंत जगतील, हे संदेश लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे. पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे असतात. मादी कूस बदलते आणि उबेसाठी भिंतीलगत चिकटून झोपलेले पिल्लू तिच्याखाली चेंगरते. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतर ठेवून आडवा लोखंडी पाइप बसवला, तर ही हानी बरीच टळते. जी वाचतात त्यांनाही आईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही, आणि सिमेंटच्या फरशीवर उकरायला मातीही नसते. जन्मतः टुणटुणीत असलेले पिल्लू दोन-तीन आठवड्यांत मलूल होते आणि त्याचे कान पांढुरके दिसू लागतात. तिसऱ्या दिवशी मानेत दिलेले लोहाचे इंजेक्शन हे टाळते. डॉक्टरचा शून्य खर्च येथेच संपला.

फुकट खाद्याचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. एक किलो वजन वाढायला साधारण तीन ते चार किलो कोरडे खाद्य लागते. म्हणजे एक डुक्कर शंभर किलोचे करायला तीनशे किलोंहून अधिक, आणि संदेशातली दोनशे वाढवायची तर निदान साठ टन. आता हॉटेलच्या मागच्या दाराशी ठेवलेली बादली पाहा: वर आमटीचे पाणी, खाली भात, त्यात लिंबाच्या फोडी, दात कोरायच्या काड्या, सॉसच्या पुड्या आणि हाडे. त्यातला बहुतेक भाग पाणीच असतो, मीठ जास्त आणि प्रथिने मात्र कमी. वाढत्या डुकराला खाद्यात सोळा ते अठरा टक्के प्रथिने हवीत. ती मका आणि कोंड्याच्या जोडीला सोयाबीनची पेंड, थोडी सुकी मासळी आणि क्षार मिश्रण दिल्याशिवाय भरून निघत नाहीत. खरकटे वर्ज्य आहे असे नाही, पण ते निवडून, ढवळत, तासभर चांगले उकळूनच घातले पाहिजे. कारण उष्ट्यात डुकराच्या मांसाचा एखादा कच्चा तुकडा आला, तर त्याबरोबर आफ्रिकन स्वाइन फीवर गोठ्यात येऊ शकतो.

भारतात हा रोग 2020 मध्ये प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर औषध नाही, आपल्याकडे लसही उपलब्ध नाही, आणि रोग निश्चित झाला की एक किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारावी लागतात. माणसाला तो होत नाही, एवढेच समाधान. याउलट साध्या स्वाइन फीवरची लस आहे आणि ती वेळेवर टोचून घेतली, तर त्या रोगाने गोठा रिकामा होत नाही. जो प्राणी "आजारी पडत नाही", त्याची ही अवस्था आहे.

जातीबद्दल थोडक्यात. लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही विलायती जात झपाट्याने वाढते, यात वाद नाही. मात्र ती पुरेपूर खाद्य मिळाले तरच. डुकराला नावापुरताच घाम येतो, त्यामुळे पत्र्याखालच्या एप्रिल-मे महिन्यांत ही जात धापा टाकते. छोट्या पालकासाठी संकर बरा. गुवाहाटीजवळच्या राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने विलायती हॅम्पशायर आणि बंगालची देशी घुंगरू या जातींच्या संकरातून "राणी" ही जात तयार केली, ती याच विचाराने. खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते: घरच्याच वेतातला नर ठेवून तो बहिणींवर, पुढे मुलींवर सोडला जातो, पिल्ले दर पिढीला कमी आणि अशक्त होत जातात, आणि दोष जातीला दिला जातो. नर बाहेरून आणावा आणि त्याच्या मुली माजावर येण्याआधी बदलावा. कृत्रिम रेतनही होते, पण नराचे वीर्य गाई-म्हशींच्या रेतनासारखे गोठवून सहज टिकत नाही; ते सोळा-सतरा अंशांवर ठेवून काही दिवसांतच वापरावे लागते, म्हणून केंद्र जवळ असेल तरच त्याचा उपयोग.

मागणीबद्दल मात्र संदेश चुकलेला नाही. वसई आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी हे मांस लागतेच आणि देवनारला डुकरांसाठी स्वतंत्र कत्तल विभागही आहे.

भाच्याला मी दहावरून दोन संकरित माद्यांवर आणले आहे. तिसरी घेण्याआधी सहा महिन्यांच्या खाद्याची वही मला दाखव, असे त्याला सांगितले आहे.