कुत्र्यापुढं टाकलेलं फोपसं: जंतांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: 'निसर्गानं ज्याचा जंत त्याला वाटून दिलाय, जनावराचा जंत माणसाला होत नाही. मटण नीट शिजवलं की भीती संपली, शाकाहारी घराला तर ती नाहीच. कुत्र्याला लसूण-गूळ चारा, पोट साफ होतं. पोरांना शाळेत गोळी मिळतेच. बाकी सगळा औषध कंपन्यांचा धंदा.' पुढं पाठवणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसंही आहेत. हे वाचून कुणी कुत्र्याचं औषध बंद केलं तर भोगावं लागेल ते घरातल्या लहानग्यांना. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'जनावराचा जंत माणसाला होत नाही.' यात थोडं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा हिमोंकस माणसाला सहसा होत नाही. गोचिडांमुळं संकरित गाईला येणारा थायलेरियाचा ताप गोठ्यात राबणाऱ्याला येत नाही. (म्हणून गोचिडं नखांत चिरडायची असं मात्र नाही. आपल्या शेजारच्या, गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात माकडताप माणसांपर्यंत आला तो गोचिडांमार्फतच.) पण चार जंतांचा नियम चाळीस जंतांना लावता येत नाही, आणि ज्याला तो अजिबात लागू होत नाही असा एक जंत आपल्याच दारात आहे. त्याचं नाव इकायनोकॉकस. त्याच्यामुळं होणाऱ्या गाठीला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात.

गावची म्हाई असो, लक्ष्मीची यात्रा असो नाहीतर खंडेनवमी. बकरं सोलून होतं, पोट फाडलं जातं, आणि कधी काळजावर (यकृतावर), कधी फोपशात (फुप्फुसात) एखादी पांढुरकी, ताणलेली, पाण्यानं भरलेली गाठ दिसते. कापणारा तेवढा भाग सुरीनं वेगळा करतो, 'हे खायचं नाही' म्हणतो आणि मागं ताटकळत बसलेल्या कुत्र्यापुढं टाकतो. माणसाच्या ताटात काही वाईट जाऊ नये हा त्याचा हेतू चांगलाच आहे. पण त्या गाठीतल्या पाण्यात जंताची शेकडो, कधी हजारो सूक्ष्म डोकी असतात. कुत्र्याच्या आतड्यात एकेका डोक्याचा एकेक जंत होतो. साधारण दीड महिन्यात तो वाढून अंडी टाकू लागतो. अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, परड्यात, बांधावरच्या गवतावर, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढरानं ते गवत खाल्लं तर त्याच्या काळजात नवी गाठ. कुत्र्याला कुरवाळून तसाच हात पोरानं तोंडात घातला तर त्या पोराच्या काळजात.

माणसात ही गाठ बहुतेक वेळा यकृतात होते, त्याखालोखाल फुप्फुसात. ती सावकाश वाढते. वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. मग पोट जड वाटतं, कुशीत दुखतं, किंवा दुसऱ्याच कारणानं सोनोग्राफी केली आणि त्यात सापडली. आत फुटली तर जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी येऊ शकते, आणि पाणी सांडेल तिथं नव्या गाठी धरू शकतात. कुणाची शस्त्रक्रिया करावी लागते, कुणाला कित्येक महिने अल्बेंडाझोल हे जंताचं औषध घ्यावं लागतं. लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याचं दुखणं चाळिशीत उघडं पडतं, म्हणून त्याचा संबंध दारातल्या कुत्र्याशी आणि कित्येक यात्रांपूर्वी भिरकावलेल्या फोपशाशी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

'मटण शिजवलं की भीती संपली' हा मुद्दा इथंच निकालात निघतो. मटण, डुकराचं मांस नीट शिजवावंच, त्यानं मांसातून येणारे दुसरे जंत मरतात. पण हायडॅटिड मटण खाऊन होत नाही. ती गाठ चुकून माणसाच्या पोटात गेली तरी त्याला हा रोग होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यानं. म्हणजे चुलीवरच्या पातेल्याइतकंच लक्ष चुलीमागं काय टाकलं जातंय याकडं हवं. जिथं बकरं कापायचं तिथंच आधी खोल खड्डा काढा, गाठ असलेलं काळीज-फोपसं त्यात टाकून माती दाबा, किंवा जाळून टाका. तोवर कुत्री बांधलेली असू द्यात. रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरांना यात दोष देणाऱ्यांचं मला पटत नाही. त्यांची कुत्री कळप राखतात, आणि मेलेलं मेंढरू पुरायला हक्काची जागा बऱ्याच गावांत त्यांना मिळत नाही. ती जागा पंचायतीनं दाखवावी.

'कुत्रं तगडं आहे, त्याला जंत कुठले?' मेसेजखाली ही पुस्ती बऱ्याच जणांनी जोडली आहे. हा जंत जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांब असतो. आतड्यात तो असंख्य असला तरी कुत्रं खातं-पितं, धावतं, भुंकतं. विष्ठेत डोळ्यांना काही दिसत नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे वळवळताना दिसतात तो बहुधा दुसराच, पिसवांमुळं होणारा चपटा जंत. तो दिसला तरी औषध द्या, नाही दिसला तरी द्या.

'शाकाहारी घराला भीती नाही.' आपल्याकडं जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, तिथं हे वाक्य हमखास पुढं जातं. पण कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी कच्चीच खाल्ली जाते, आणि कुत्रं मळ्यातही फिरतं. जंताच्या अंड्याला मांसाहारी-शाकाहारी कळत नाही. अंड्यांवाटे शाकाहाऱ्यालाही होणाऱ्या रोगांतला सगळ्यात गंभीर प्रकार डुकराच्या चपट्या जंताचा. अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो, इथवर लोकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून, न धुतलेल्या हातांतून ती अन्नात-पाण्यात आली आणि दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोचून तिथं गाठी करतात. मग फिट येते. भारतात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांत हे एक आहे, आणि जन्मात मांसाला न शिवलेल्यांनाही ते होतं. फिट आली की कांदा हुंगवणं, देवऋषीकडं नेणं यात महिने जातात. मेंदूचा स्कॅन केला तर कारण कळतं आणि बहुतेकांना औषधांनी आराम पडतो. फक्त जंताची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. मेंदूतली अळी मरताना भोवती सूज येते, ती आवरण्याचं औषध डॉक्टरांना सोबत द्यावं लागतं.

'पोरांना शाळेत गोळी मिळते.' मिळते, आणि ती चुकवू नका. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन. १ ते १९ वयाच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोल देतात. पण ती गोळी माणसाच्याच आतड्यातल्या जंतांसाठी आहे. हायडॅटिडची गाठ एका गोळीनं जात नाही. कुत्र्याच्या गोल जंताच्या अळ्याही तिला पुरत्या दाद देत नाहीत, कारण त्या आतड्यात न थांबता यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात फिरतात. डोळ्यात गेलेली अळी नजर घालवू शकते. हा जंत कुत्रीच्या पोटातच पिल्लांना लागतो, म्हणजे पोरं ज्यांना सगळ्यात जास्त उराशी धरतात त्यांच्यातच तो जास्त. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की औषध सुरू करावं, आईलाही द्यावं. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत तयार व्हायला त्यांना दोनेक आठवडे तरी लागतात. अंगण रोजच्या रोज साफ केलं तर मोठा धोका टळतो.

लसूण-गुळाबद्दल एवढंच: गुळानं जंत मरत नाहीत, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चारू नका.

राहिला औषध कंपन्यांचा धंदा. कुत्र्याच्या चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते जुनं आहे आणि एकाच कंपनीचं नाही. गुरांच्या दवाखान्यात विचारा, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मात्रा घ्या. कापलेल्या जनावरांचं टाकाऊ खाणाऱ्या कुत्र्याला ते दर दीड महिन्यानं पुन्हा द्यावं लागतं, कारण जंत तेवढ्यात परत अंड्यावर येतो. शाळेतली उरलेली गोळी कुत्र्याला देऊन हे काम होत नाही. आणि गुरांचं अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या गाई-म्हशीला, शेळीला विचारल्याशिवाय पाजू नका, गर्भात व्यंग येऊ शकतं. कुत्र्याला औषध दिल्यावर दोन दिवस ते बांधून ठेवा, पडलेली विष्ठा जाळा किंवा खोल पुरा. औषधानं जंत मरतात, पण बाहेर पडलेली अंडी जिवंत राहतात. ती फिनेलनंही मरत नाहीत, विष्ठा पडलेल्या फरशीवर उकळतं पाणी ओतावं लागतं.