टोमॅटोवरची अळी आणि मोनोक्रोटोफॉसचा जीवघेणा सल्ला

‘टोमॅटो उत्पादकांनो सावधान, टुटा अळीवर रामबाण उपाय’ हा मेसेज सध्या जुन्नर-आंबेगावच्या ग्रुपांवर फिरतोय. टुटा म्हणजे टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी एक बारीक अळी. काल तो नारायणगावच्या मामांनी मला पाठवला आणि खाली विचारलं, “औषध आणू का?” मामा, अजिबात आणू नका.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. मेसेज म्हणतो, मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकात कपडे धुण्याची पावडर मिसळून दर तीन दिवसांनी फवारा. तोड्याच्या आदल्या दिवशी मारलं तरी चालतं, फळं धुतली की औषध निघून जातं. साफ खोटं आहे हे. मोनोक्रोटोफॉस आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसात भिनतं. सालीवरचं पाण्याने जाईल, आत भिनलेलं कसं जाणार? भाजीपाल्यावर ते वापरायला केंद्र सरकारने २००५ सालीच बंदी घातली. राजपत्रातली ती अधिसूचना एकदा वाचली असती, तर हा मेसेज लिहायची हिंमत झाली नसती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते इतक्यात विसरलो? आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सरींत शिरून उघड्या हातांनी तोडा करणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

बरं, सोबतचा फोटो तरी टुटाचा असावा! फळात तोंड खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवलेली ती जाड हिरवट अळी म्हणजे फळ पोखरणारी अळी, हरभऱ्यावरची घाटेअळी तीच. टुटाची अळी पूर्ण वाढली तरी जेमतेम पाऊण सेंटिमीटर. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा भाग खाते. पान उजेडासमोर धरा, पांढुरक्या चट्ट्यात अळी आणि तिची काळी विष्ठा दिसेल. फळावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात.

टुटा बाहेरच्या बियाण्यातून आली, असंही मेसेज म्हणतो. पण ती बियाण्यातून येत नाही. रोपं, किडकी फळं, वापरलेले क्रेट यांतून पसरते. बाहेरची कीड आहे हे मात्र खरं. मूळ दक्षिण अमेरिकेची, आणि २०१४ मध्ये आपल्या पुणे भागात तिची नोंद झाली.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने पतंग पकडणारे सापळे, शेजारच्यांचे पतंग ओढून आणतात म्हणे. सापळ्यात नर येतात, आणि नर अंडी घालत नाहीत. फक्त ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, त्या-त्या किडीचं घ्या, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

झेंडू लावला की अळीला आळा बसतो, हा मेसेजमधला मुद्दा अर्धा बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली की फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूकडे वळते. पण दोन्ही पिकं एकाच वेळी फुलायला हवीत, आणि झेंडूवरची अंडी-अळ्या वेचायलाच हव्यात. नाहीतर तिथेच अळी पोसली जाते. टुटाला मात्र झेंडूने आळा बसत नाही.

तेव्हा मामा, पुढच्या तोड्याला एक बादली वेगळी ठेवा. भोकं पडलेली फळं तिच्यात टाका आणि खोल खड्ड्यात पुरा, बांधावर फेकू नका. फळ पोखरणारी अळी लहान असतानाच एचएएनपीव्ही, म्हणजे या अळीला मारणारं विषाणूजन्य औषध, हेक्टरी २५० एलई (या औषधाच्या मात्रेचं एकक) फवारा, तेही संध्याकाळी. कडक उन्हात त्यातला विषाणू निकामी होतो.