थंडगार धूर

मे महिन्यात खानदेशातला माणूस आमरस आणि कूलर या दोनच गोष्टींवर जगतो. आमचा कूलर मागच्या खिडकीत आहे, आणि खिडकीखालच्या बोळापलीकडे शेजारच्या जिजीची चूल. कूलर बसवताना हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. चुलीच्या आलं.

कूलर बाहेरची हवा ओढतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून आत सोडतो. धूर त्यात गाळला जात नाही, नुसता गार होतो. वाळ्याचा सुगंध लागलेला थंडगार धूर थेट दिवाणावर, माझ्या नाकाशी. कूलर बंद करावा तर अमळनेरचं ऊन 44 वर. म्हणजे धुरी घ्यायची की भाजून निघायचं, एवढीच निवड.

दोन उन्हाळ्यांत माझं नाक तयार झालं. तुराटी भुर्रकन पेटते, धूर येतो नि जातो. पऱ्हाटी जरा रेंगाळते. वाळलेली बाभूळ सज्जन. पण निंबाची ओली फांदी चुलीत गेली की आमच्या घरात सुतक असल्यासारखे सगळे डोळे पुसतात. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी घातली तर मी पलंगावरूनच ओरडतो, "जिजी, पिशवी!" आणि पलीकडे चिमट्याचा आवाज येतो.

जिजीकडे गॅस आहे. त्यावर फक्त चहा होतो, तोही पाहुण्यांचा.

वकिली करणाऱ्या चुलतभावाला विचारलं. (चुलीच्या खटल्याला चुलतभाऊच हवा.) तो म्हणाला, "उपद्रव हटवायचं कलम पूर्वी 133 होतं. 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात 152 झालं." कलम 19 आकड्यांनी वाढलं, धूर होता तेवढाच. शिवाय जिच्या ओसरीवर लहानपणी दुपारी झोपलो, तिला नोटीस द्यायची कोणत्या तोंडाने?

शेवटी समजावायला गेलो. लाकूड ओलं असलं की आच त्यातलं पाणी उडवण्यातच खर्च होते, लाकूड पुरतं जळत नाही, आणि जे जळत नाही तेच धूर होऊन बाहेर पडतं. राख साचली की खालून वाराही मिळत नाही, वगैरे. चुलीसमोर उभा राहून बोलत होतो, त्यामुळे डोळ्यांतून धारा. जिजीने फुंकणी खाली ठेवली.

"भाऊ, तुना डोयामा पानी काबरं ई राहिनं? सूनबाई संगे भांडन व्हयनं का?"

मी नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही. संध्याकाळी तिने आमच्या हिला बोलावून समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. त्या रात्री खरंच भांडण झालं.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. जिजीच्या दोन्ही लेकी माहेरी, आणि पहाटेपासून पुरणपोळीचं मातीचं खापर चढलेलं. खापर गॅसवर बसत नाही, त्याला चुलीचाच जाळ लागतो, हे मलाही मान्य आहे. खोकत खोकत खिडकीतून बघत होतो. पुरण भरलेली सैल कणीक जिजी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत नेत, उपरण्याएवढी पसरवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. एक टाकली की दुसरीच्या आत फुंकणी. पोळीला एक भोक नाही. माझ्या फुप्फुसांचं सांगता येत नाही.

आखाजी सरल्यावर मीच तोडगा काढला. फॅब्रिकेशनवाल्याकडून 12 फुटी पत्र्याचं धुराडं करवून घेतलं, पैसे मीच दिले. जिजीची भिंत मातीची, तिला खिळा सोसत नाही, म्हणून धुराडं माझ्या भिंतीला पट्ट्यांनी आवळलं. चूल पेटली. धूर सरळ वर गेला, माझ्या गच्चीवरून पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पुढे निघून गेला. कूलरमधून नुसता वाळा आला. मी पाय पसरले.

तिसऱ्या दिवशी दारावर थाप. पलीकडच्या गल्लीतले गुरुजी, नाकाला रुमाल, हातात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, ताट. बिबडे पांढरे असायला हवेत, ते चहाच्या रंगाचे झाले होते.

"तुमच्या धुराड्यातून येतंय हे," गुरुजी म्हणाले, आणि ओला डोळा पुसला.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, घरी सगळं ठीक आहे ना?"