डबीतल्या माशा

होमिओपॅथीच्या रिकाम्या डबीत मेलेल्या माशा घेऊन कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहायची मला काही हौस नव्हती. पण पेरू गळून रायला होता, कापला की आतून पांढऱ्या अळ्या टुणटुण उड्या मारत (खरंच मारतात), म्हणून गळलेले पेरू बादलीत मातीवर ठेवले, वर जुन्या धोतराचं फडकं बांधलं, अळ्या मातीत गेल्या, कोष झाले आणि काही दिवसांनी माशा निघाल्या. आईनं आधी बादली घराबाहेर काढली, मग माझ्याकडं बघितलं.

नेटवर फळमाशी म्हणून फ्रूट फ्लाय शोधलं तर ती सडक्या केळ्यावर घोंगावणारी लाल डोळ्यांची चिमुकली येते, जिच्यावर काम करून मॉर्गनसाहेबांनी १९३३ चं नोबेल घेतलं. ती वेगळ्याच कुळातली. आमची चांगल्या फळात अंडी घालते, तिच्या नावानं आम्हाला फक्त व्यापाऱ्याची कटती.

तर मालकानं डबी न उघडताच सांगितलं, "माशी म्हंजे माशी, हे घ्या." आणि सापळ्यात ठेवायचं वासाचं आमिष, क्यू-ल्यूर, पुढं सरकवलं. अहो, ते कारल्या-काकडीच्या माशीचं! पेरूवरच्यांना मिथाइल युजेनॉल लागतं, नाहीतर सापळा झाडाला नुसता शोभेला. मी भिंग काढलं, म्हटलं बघा, पंखाच्या कडेनं टोकापर्यंत काळी पट्टी सलग आहे, ती तुटून टोकाला वेगळा ठिपका असता तर करेक्टा जातीची म्हटली असती, ही डॉर्सॅलिस जातीची वाटते.

युरियासाठी थांबलेले एक आबाजी मधे आले. भिंग हातातून घेतलंच.

"बापू, इच्या पोटावर तं टी काढला हाय."

"हो आबाजी, तीच खूण."

"कोनाची हाय मंग?"

"कोणाची म्हणजे?"

"बैलाले डाग देते तसा देला असन ना कोनं. टी वाला कोन हाय तुमच्याकडं?"

दुकानातले सगळे विचारात पडले. एकानं गावातल्या एका ठाकऱ्याचं नाव घेतलंसुद्धा. मी घाईनं विषय बदलला की मिथाइल युजेनॉलला फक्त नर येतात, नर संपले की मादीची अंडी फळत नाहीत.

"आन् पेरूले भोक कोन पाडते?"

"मादी."

"मंग धरता काहून नराले?"

तेच सांगितलं ना आत्ता! परत सांगितलं. आबाजींनी तंबाखू मळली.

"बाजूच्या वावरातून पोटुशी उडून आली तं?"

आता याला काय उत्तर देणार. येतेच. सगळ्या शिवारानं एकदम सापळे लावले तरच फायदा, आणि आमच्या शेजाऱ्याच्या झाडाखाली सडक्या पेरूचा सडा पडलेला असतो, उचला म्हटलं तर म्हणतो खत होते. आबाजी बरोबर होते याचाच मला जास्त राग आला.

मोठ्या लोकांचंही काही सोपं नाही म्हणा. आफ्रिकेत सापडलेल्या माशीला २००५ मध्ये नवी जात म्हणून इन्व्हॅडेन्स नाव दिलं, आणि २०१५ मध्ये ठरलं की ही डॉर्सॅलिसच. दहा वर्षं तपासून पाहिलं त्यांनी. इथं झाकण उघडायचे कष्ट नाहीत, वर म्हणे, "तुमी जास्त शिकले भाऊ, तेच्यानं होते."

मिथाइल युजेनॉल आहे का, विचारलं. "मागवा लागन." कधी? "येईन ना." मी डबी खिशात टाकली.

तोवर आबाजींची युरियाची पिशवी आली आणि तिच्यासोबत बिलात ते क्यू-ल्यूरचं पाकीटही, कारण नुसता युरिया म्हणे मिळत नाही, सोबत काहीतरी घ्याच लागते. आबाजींकडं निव्वळ कापूस आणि तूर. पाकीट उलटंपालटं करून ते मला म्हणाले, "बापू, हे कोठं टांगू?"

मालक पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल फाडत होता.