गळणारा गीझर आणि ‘प्लंबरची लूट’: एका फिरत्या संदेशाचा समाचार

‘प्लंबरची लूट थांबवा, हे पाच उपाय घरीच करा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. एरवी अशा मजकुराकडे दुर्लक्ष केले असते. परंतु तो वाचून गीझरच्या वाल्व्हला एम-सील लावायला शेजारच्या मुलाला सांगितले आहे, असे माझी मावशी फोनवर सहज बोलून गेली आणि त्यानंतर गप्प बसणे शक्य राहिले नाही. सुदैवाने ते एम-सील तोवर दुकानातच होते.

मावशीने उचललेला हा पहिलाच उपाय सर्वांत घातक आहे. संदेश म्हणतो, ‘गीझरखालून पाणी ठिबकते म्हणजे सेफ्टी वाल्व्ह खराब झाला, प्लंबर नवा वाल्व्ह गळ्यात मारेल, त्याऐवजी त्याचे तोंड बूच किंवा एम-सील लावून बंद करा.’ हे लिहिणाऱ्याने तापलेल्या पाण्याचा क्षणभरही विचार केलेला दिसत नाही. २० अंश सेल्सिअसचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. म्हणजे १५ लिटरच्या टाकीतील पाण्याला जवळजवळ पाव लिटर जादा जागा लागते. थंड पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न वाल्व्ह असेल तर हे वाढलेले पाणी मागे जाऊ शकत नाही, गरम पाण्याचा नळ बंद असेल तर पुढेही जाऊ शकत नाही, आणि पाणी दाबून लहान होत नसल्यामुळे टाकीतील दाब झपाट्याने वाढतो. तो ठरावीक मर्यादेला पोहोचला की सेफ्टी वाल्व्ह उघडतो आणि थोडे पाणी बाहेर सोडतो. गीझर तापत असताना ते पाणी ठिबकणे हा वाल्व्हचा बिघाड नव्हे. ज्यासाठी तो तेथे बसवला आहे, ते काम तो करतो आहे.

यावर ‘तुम्ही कोण सांगणारे?’ असा प्रश्न गटात विचारला गेलाच, म्हणून आधार देतो. साठवण पद्धतीच्या गीझरच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे ६०३३५-२-२१ हे मानक आहे. बंद टाकीच्या गीझरसोबतच्या माहितीपुस्तिकेत काय सांगितलेच पाहिजे, हेही त्यात ठरवून दिलेले आहे: दाब सोडणाऱ्या वाल्व्हच्या नळीतून पाणी ठिबकू शकते, ती नळी हवेत उघडीच ठेवावी, आणि क्षार साचून वाल्व्ह बंद पडू नये म्हणून तो अधूनमधून हाताने उघडून पाहावा. म्हणजे मानक जे उघडे ठेवायला सांगते, नेमके तेच हा संदेश बुजवायला सांगतो.

बुजवल्यावर काय होईल? तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि जादा तापमानाला वीज तोडणारा कटआऊटही चालला नाही, तर पाणी तापतच राहते, पण वाढलेल्या दाबामुळे १०० अंशांना उकळत नाही. वातावरणाच्या सहापट दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १५९ अंशांच्या आसपास जातो. अशा स्थितीत टाकीचा सांधा फाटला की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा सुमारे दहावा भाग तत्क्षणी वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून अधिक जागा व्यापते. हे सारे न्हाणीघरात, अंघोळ करणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर घडणार, हे निराळे सांगायला नको.

या मुद्द्यात तथ्याचा एक कण आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. गीझर बंद आणि पाणी थंड असतानाही वाल्व्ह सतत गळत असेल, तर ते सामान्य नाही. बोअरच्या जड पाण्यातील क्षार वाल्व्हच्या बैठकीवर साचलेले असतील किंवा नळातील दाबच जास्त असेल. गच्चीवरील टाकी दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार, म्हणजे जवळजवळ वातावरणाइतका, दाब देते, त्यामुळे वीस मजली इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा वाल्व्ह नसेल तर हा आकडा सहा बारच्या घरात जातो. दोन्ही परिस्थितींत उपाय वाल्व्ह बदलण्याचा किंवा दाब उतरवण्याचा आहे, बूच मारण्याचा नाही.

दुसरा उपाय तुंबलेल्या मोरीचा: ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव एकत्र ओतावे. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडण्यात आला होता. तो हवेपेक्षा जड असल्याने लहान बंद मोरीत जमिनीलगतच राहतो, आणि ओणवे होऊन जाळी घासणाऱ्या माणसाचे नाक नेमके तेथेच असते. शिवाय एवढे करूनही मोरी तुंबलेलीच राहिली, तर नंतर ट्रॅप (नळीचा पाणी धरून ठेवणारा भाग) उघडणाऱ्या प्लंबरच्या अंगावर तेच मिश्रण उडते. आत काय ओतले आहे हे त्याला आधी सांगायचे असते, याची संदेशात ओळही नाही.

तिसरा उपाय, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, निरुपद्रवी आहे. फेस भरपूर येतो, परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांना उदासीन करतात आणि केसांचा गुंता जागचा हलत नाही. वर उकळते पाणी ओतण्याचा सल्ला मात्र चुकीचा, कारण सांडपाण्याची साधी पीव्हीसी नळी ६० अंशांपलीकडे मऊ पडू लागते. त्यापेक्षा बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवून तो हाताने उघडावा. बेसिनचा चोकअप बहुधा त्यातच सापडतो.

चौथा उपाय, दाब कमी असल्यास नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावण्याचा. हे नियमबाह्य आहे, शेजाऱ्याचे पाणी तोडणारे आहे, आणि त्या ओढीने गळक्या जलवाहिनीत बाहेरची घाण खेचली जाऊ शकते.

पाचवा मुद्दा प्लंबरचा. अडल्या वेळी काही जण अवाच्या सवा पैसे लावतात, हे खरेच आहे. पण त्यावर संदेशाचा तोडगा असा की, इंटरनेटवर पहिला दिसेल तो नंबर फिरवून आगाऊ पैसे भरावेत, म्हणजे माणूस लवकर येतो! लूट टाळण्याच्या नावाखाली यापेक्षा सोपी लूट सुचवता आली नसती. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तेव्हा ‘परतावा देतो, पिन टाका’ म्हणणारा प्लंबर नव्हे, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. पाणी धो-धो वाहत असताना प्रथम अँगल कॉक (त्या नळाचे किंवा गीझरचे पाणी तोडणारी भिंतीवरची छोटी तोटी), तो फिरत नसेल तर गच्चीवरील टाकीचा वाल्व्ह बंद करावा, गीझरजवळ गळती असल्यास त्याचा एमसीबी पाडावा, म्हणजे घासाघीस करायला वेळ मिळतो. मग सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारावे. तेथून येणाऱ्या माणसाला उद्याही याच गल्लीत काम करायचे असते. व्हिजिटचे किती, रात्रीचे जादा किती आणि सामान कोण आणणार हे फोनवरच ठरवावे, पैसे काम झाल्यावर द्यावेत, आणि बदललेला जुना वाल्व्ह मागून घ्यावा.