देवाची निवड ओळखण्याच्या ‘खुणा’ आणि एका संदेशाचा खोटेपणा

‘देवाने कोणाला निवडले आहे हे ओळखण्याच्या खुणा’ अशा मथळ्याचा एक निनावी संदेश सध्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. तो माझ्या आत्याकडेही पोहोचला. आत्याचे पहिले मूल बाप्तिस्म्याआधीच गेले होते. त्याला आता अनेक वर्षे लोटली, पण संदेश वाचून तिने फोनवर एवढेच विचारले, “यात लिहिलंय ते खरं का रे?” हे उत्तर मी त्या प्रश्नामुळे लिहीत आहे, त्यामुळे त्यात संयम कुठे सुटलेला दिसला तर वाचकांनी समजून घ्यावे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: पूर्वनियोजनाचे, म्हणजे कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे याचे, सत्य सोळाव्या शतकात जिनिव्हातील धर्मसुधारक कॅल्व्हिनने प्रथम शोधून काढले आणि आजचे पाळक ते लपवतात, निवडलेल्यांच्या घरी आरोग्य आणि भरभराट नांदते, ज्याच्या मनात शंका येते तो निवडलेला नसतो, बाप्तिस्म्याआधी मूल गेले तर देवाने त्याला निवडले नव्हते असे समजावे, सर्व काही आधीच ठरलेले असल्यामुळे प्रार्थना आणि सुवार्ता हे केवळ उपचार आहेत, आणि शेवटी, आपले लोक ज्याला प्रारब्ध म्हणत आले तेच हे.

पहिला दावा चटकन निकालात काढता येतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत निवडीची भाषा उघड आहे, आणि तिच्यावरून कॅल्व्हिनच्या अकराशे वर्षे आधी देवाच्या कृपेवर भर देणारे धर्माचार्य ऑगस्टीन आणि माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नावर भर देणाऱ्या पेलेजियसचे अनुयायी यांच्यात मोठा वाद झाला होता. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या भिक्षूला निवड आणि नाकारणे हे दोन्ही देवाने आधीच ठरवले आहे असे शिकवल्याबद्दल 848 आणि 849 च्या धर्मसभांनी दोषी ठरवले. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या प्रमुख ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रश्न आहे. तेव्हा कॅल्व्हिनने शोध लावला हे म्हणणे अज्ञानाचे आहे. एवढे मात्र कबूल करावे लागते की काही माणसे सार्वकालिक जीवनासाठी आणि काही दंडासाठी नेमलेली आहेत हे कॅल्व्हिनने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले, तो ठराव भयंकर वाटतो हेही स्वतःच मान्य केले, आणि या शिकवणीला विरोध करणाऱ्या बोल्सेकला 1551 मध्ये जिनिव्हातून हद्दपार व्हावे लागले. सिद्धांत कठोर आहे, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्या कठोरपणातून संदेशकर्त्याने काढलेल्या निष्कर्षांना आहे.

त्यांतला सर्वांत निर्दय निष्कर्ष बालकांविषयीचा आहे, आणि तो शिकवणीच्या बाहेरचाच नव्हे तर तिच्या लिखित शब्दांच्या थेट विरुद्ध आहे. 1618 च्या नोव्हेंबरात नेदरलँड्समधील डॉर्ट या शहरी भरलेल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चाललेल्या धर्मसभेत हॉलंडच्या प्रतिनिधींबरोबर ब्रिटन, जिनिव्हा, स्विस शहरे आणि काही जर्मन प्रांतांतील प्रतिनिधी बसले होते. निवडीच्या कठोर शिकवणीला आव्हान देणाऱ्या डच ईशज्ञानी आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये मांडलेल्या पाच मुद्द्यांना उत्तर देणे हे तिचे काम होते. पूर्वनियोजनाचा कडवा पुरस्कार म्हणून जिचे नाव घेतले जाते ती हीच सभा. तिच्या निर्णयांच्या पहिल्या भागातील सतरावे कलम जणू या संदेशासाठीच लिहिले आहे. त्याचा आशय असा: देवाच्या इच्छेविषयी आपण त्याच्या वचनावरूनच बोलावे, विश्वासणाऱ्यांची मुले स्वभावतः नव्हे, तर आईबापांसह, देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कृपेच्या करारात सामील असल्यामुळे पवित्र आहेत, असे ते वचन सांगते, म्हणून ज्या बालकांना देव बालपणीच या जीवनातून बोलावून घेतो, त्यांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी देवभीरू आईबापांनी शंका बाळगू नये.

या कलमात बाप्तिस्म्याचा उल्लेखदेखील नाही. आधार कराराचा आहे, पाण्याचा नाही. इतकेच नव्हे, तर निर्णयांच्या समारोपात सभेने विरोधकांच्या एका आरोपाचा तिटकाऱ्याने उल्लेख केला आहे. विश्वासणाऱ्यांची निष्पाप तान्ही मुले आईच्या छातीपासून हिसकावून देव नरकात लोटतो, असे आम्ही शिकवतो म्हणणे ही आमची बदनामी आहे, असे तिने नोंदवून ठेवले आहे. चारशे वर्षांपूर्वी ज्या वाक्याला पूर्वनियोजनवाद्यांनीच बदनामी म्हटले, ते वाक्य आज पूर्वनियोजनाची ‘खूण’ म्हणून शोकाकुल आयांना पाठवले जात आहे.

मग बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकाची भीती आली कुठून? तिचे मूळ शोधायचे तर ऑगस्टीनकडे जावे लागते. अशा बालकांना दंड होतो, मात्र तो सर्वांत सौम्य असतो, असे त्यांचे मत होते. मध्ययुगात हे मत मवाळ होत गेले, आणि 2007 साली रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे असल्याचे प्रसिद्ध केले. कॅल्व्हिनने तर ही भीती समूळ उपटण्याचा प्रयत्न केला होता. मरणोन्मुख अर्भकाला सुईणीने घाईघाईने बाप्तिस्मा देण्याची जुनी प्रथा त्याने नाकारली, आणि कारण दिले ते हे की बाप्तिस्म्याआधी मरण आलेले बालक तेवढ्यावरून स्वर्गाच्या राज्याला मुकत नाही. देव आपल्या लोकांच्या मुलांना जन्माआधीच आपली म्हणतो. हे लिहिणाऱ्याचा स्वतःचा मुलगा 1542 मध्ये जन्मानंतर लवकरच वारला होता. त्या दुःखाविषयी त्याने एका मित्राला लिहिले, त्यात घाव खोल असल्याची कबुली आहे, आणि देव स्वतः पिता असल्यामुळे आपल्या लेकरांचे हित जाणतो एवढा विश्वास आहे. मुलाच्या निवडीवर निकाल दिलेला नाही.

इथेही एक अर्धसत्य मान्य करणे भाग आहे. डॉर्टचे कलम विश्वासणाऱ्यांच्या मुलांपुरतेच बोलते, आणि पुढे इंग्लंडमध्ये 1640 च्या दशकात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रातील ‘निवडलेली बालके’ या शब्दांमुळे न निवडलेलीही बालके असतील काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चिला गेला. अखेर 1903 मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतील अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चने स्पष्टीकरण जोडले की बालपणी मरण पावणारी सर्वच मुले कृपेच्या निवडीत आहेत असे आम्ही मानतो. म्हणजे या परंपरेत वाद झालाच, तर तो दार किती रुंद आहे याविषयी झाला. मृत्यूच्या दाखल्यावरून निवड ठरवण्याची परवानगी तिने कोणाला दिलेली नाही.

शंकेबद्दलचा दावा डॉर्टच्याच सभेच्या सोळाव्या कलमाने खोडला जातो. ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास अजून ठळकपणे जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना आदी नेमलेल्या साधनांचा उपयोग करत आहेत, त्यांनी नाकारल्या जाण्याचा उल्लेख ऐकून घाबरू नये आणि स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये, असे तेथे म्हटले आहे. कॅल्व्हिनही विश्वासूच्या मनात शंकेशी सतत झगडा चालतो असे मानतो, आणि आपली निवड स्वतःच्या मनात नव्हे तर ख्रिस्तरूपी आरशात पाहावी असे सांगतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आपले पाचारण व निवड दृढ करण्याचा यत्न करा असे आहे खरे, पण तो उपदेश वाचणाऱ्याने स्वतःपुरता घ्यायचा आहे; शेजाऱ्याची झडती घेण्यासाठी तो दिलेला नाही.

भरभराटीच्या खुणेवर फार शाई खर्च करू नये. ही समजूत बहुधा भांडवलशाहीचा संबंध प्रॉटेस्टंट आचाराशी जोडणारे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या 1904-05 मधील प्रसिद्ध निबंधांच्या तिसऱ्या-चौथ्या हातच्या सारांशातून आली असावी. वेबर मुख्यतः नंतरच्या प्युरिटन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्या कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंट, लोकांच्या मानसिक अस्वस्थतेविषयी लिहीत होते. खुद्द कॅल्व्हिन मूतखडा, संधिवात आणि तापाने जर्जर होऊन वयाच्या 54 व्या वर्षी, 1564 मध्ये वारला. संदेशातील खूण लावली तर पहिला बाद तोच होईल.

प्रार्थना व्यर्थ ठरते म्हणणाऱ्याने कॅल्व्हिनच्या मुख्य ग्रंथाची 1559 ची आवृत्ती उघडावी. निवडीवरील प्रकरणांच्या लगेच आधीचे प्रदीर्घ प्रकरण प्रार्थनेवर आहे. सुवार्तेच्या बाबतीत मात्र संदेशाला थोडा आधार सापडतो. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये काही अतिरेकी मंडळी सर्वांना विश्वासाचे आवाहन करणे चुकीचे मानत असत. पण त्यांना उत्तर देणारे अँड्र्यू फुलर आणि विल्यम कॅरी हेही निवडीचा सिद्धांत मानणारेच बॅप्टिस्ट होते. कॅरी 1793 मध्ये बंगालला आले, 1805 मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि 1811 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरहून (सेरामपूर) मराठी नवा करार प्रसिद्ध केला. सर्व काही ठरलेले आहे म्हणून ते इंग्लंडात स्वस्थ बसले नाहीत. आणि संदेशकर्त्याचाही स्वतःच्या म्हणण्यावर विश्वास दिसत नाही, कारण शेवटी ‘हे सर्व गटांत पाठवा’ अशी ओळ आहेच.

राहिला प्रारब्धाचा मुद्दा. प्रारब्ध म्हणजे आपल्याच पूर्वकर्माचे भोगायला आलेले फळ. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल याकोब आणि एसाव यांचे उदाहरण देतो ते नेमके याच्या उलट कारणासाठी: ती दोघे जन्मलीही नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, आणि तरी देवाने निवड केली. एका विचारात सारा भार कर्मावर आहे, दुसऱ्यात कर्म हिशेबातच धरलेले नाही. दोन्हीही न पटण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण ते एकच आहेत असे म्हणणाऱ्याने दोन्हींपैकी एकही समजून घेतलेला नाही.

पाळक हे सत्य लपवतात, हा आरोपही इथेच निकालात निघतो. डॉर्टच्या चौदाव्या कलमाने ही शिकवण मंडळीत द्यावी, पण योग्य वेळी व ठिकाणी, विवेकाने आणि देवाच्या गुप्त मार्गांत नाक न खुपसता द्यावी, असे बजावले आहे. शिवाय ती सर्व प्रॉटेस्टंटांना बंधनकारकही नाही. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1739 मध्ये तिच्याविरुद्ध घणाघाती प्रवचन छापले, आणि 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेतील मंडळ्यांबरोबर वेस्लींच्या परंपरेतील मेथडिस्टही त्यात सामील झाले. ज्या पाळकाने हा विषय व्यासपीठावरून काढला नसेल त्याच्याकडे त्याची कारणे असू शकतात. पण हा संदेश गटात आल्यावर त्याने सतरावे कलम वाचून दाखवावे, एवढी अपेक्षा करणे गैर नाही.