चारशेचारचं पाणी

आमच्या सोसायटीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. मेंटेनन्सच्या बिलावर नंबर, टँकरच्या वर्गणीत नंबर, आणि कुणी गेलं तर जिन्याखालच्या फळ्यावरही 'दोनशेतीनचे आजोबा'. मी तीनशेचार. माझ्या डोक्यावर चारशेचार राहतात. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या दोन नंबरांच्या मधल्या स्लॅबमध्ये घडलं.

चारशेचार म्हणजे सर. मूळचे वसईचे कॅथलिक, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. सोसायटीची नोटीस लागली की लाल पेन घेऊन आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात, मग वाचतात. पाचशेएक म्हणजे काका. यांची सगळी नोकरी महापालिकेच्या पाणीखात्यात गेली. देव म्हणजे न सापडलेलं लीकेज, ही त्यांची व्याख्या. दोघं रोज सकाळी माहीमहून शिवाजी पार्कला चालत जातात, पाच फेऱ्या मारतात आणि फेरीगणिक एकमेकांची अक्कल काढतात. पंधरा वर्षं हे चाललंय. एक दिवस एक जण आला नाही तर दुसरा त्याच्या दारात जाऊन बेल वाजवतो.

जूनच्या शेवटी बायको म्हणाली, "अहो, बाथरूमबाहेर वर ओल दिसतेय."

मी मान वर न करता म्हणालो, "पावसाळी हवा आहे. सुकेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. बायकोने ठेवलंय.

जुलैच्या मध्यात ती ओल थाळीएवढी झाली, तिला पिवळसर कड आली आणि खालच्या बाजूला बुरशीची दाढी फुटली. तीनशेदोनच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि वाटी तशीच हातात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई! बाबा!"

साईबाबा. डोक्याला फडकं, पांढरी दाढी, सगळं होतं म्हणे. संध्याकाळी दोनशेचार आले. ते शेगावचे, त्यांना गजानन महाराज दिसले, कारण डागाच्या बाजूला स्लॅबला गेलेला तडा त्यांच्या मते चिलीम होती. दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंनी फडकं पिळता पिळता निकाल दिला, "येशू हाय तो, भाऊ. डोळे बघा की." बाई सातारच्या, घरात खंडोबा. पण नऊ बुधवार माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, जातात आणि लेकीच्या लग्नासाठी मेणाची बाहुलीही वाहून आल्यात. १९४८ पासून दर बुधवारी तिथे नोव्हेना चालतो, आणि रांगेत कपाळावर कुंकू लावलेल्या बायका मोजायला बसलं तर बुधवार पुरणार नाही. आमच्या हिनेही घरासाठी मेणाचं घर वाहिलं होतं. हेच ते घर. वाहताना वॉटरप्रूफिंगचं काही बोललो नव्हतो, ही आमची चूक.

मी वर गेलो. "सर, तुमच्या बाथरूममधून लीकेज आहे बहुतेक."

"शक्य नाही. गेल्या नाताळात टाइल्स नव्या बसवल्यात. बाहेरचा पाइप असेल."

बाहेरचा पाइप असेल तर खर्च सोसायटीचा. सरांच्या बाथरूममधून असेल तर सरांचा. आणि देव असेल तर कुणाचाच नाही. चेअरमनना तिसरी शक्यता एकदम पटली. "थोडे दिवस बघू," म्हणाले, "भावनेचा प्रश्न आहे."

डागाखाली आम्ही बादली ठेवली होती. एका सकाळी काकू त्या बादलीतून चमच्याने औषधाच्या बाटलीत पाणी भरत होत्या. तीर्थ. मी काही बोलण्याआधी पाचशेएक काका दारातून ओरडले, "अहो, ते सरांच्या अंघोळीचं आहे!"

"कशावरून?" काकू म्हणाल्या.

झालं. या 'कशावरून'वर रविवारी संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये सभा बसली. अकरा माणसं, सात खुर्च्या, चहाची दोन आधणं.

काकांनी सुरुवातच पुराव्यांनी केली. मुंबईतले चमत्कार बघा म्हणाले, सगळे पाण्याचे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. चमच्याच्या काठावरून दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि अंगावरून खाली ओघळतं, पृष्ठताण आणि केशाकर्षण, आठवीच्या पुस्तकातलं. ऑगस्ट २००६ मध्ये आपल्या माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी उतरतं तिथे खारटपणा कमी होणारच, पण लोक बाटल्या भरून प्यायले आणि पालिकेला पिऊ नका म्हणून सांगत फिरावं लागलं. "आणि २०१२," असं म्हणून काकांनी सरांकडे बघितलं, "पार्ल्याला क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. सनल एडामारुकू म्हणून गृहस्थ आले, त्यांनी माग काढला तो जवळच्या तुंबलेल्या गटारापर्यंत. पाणी भिंतीतून वर चढत होतं. परत केशाकर्षण! आणि बक्षीस काय? धार्मिक भावना दुखावल्याच्या पोलीस तक्रारी. माणूस फिनलंडला गेला."

मला वाटलं सर चिडतील. सर म्हणाले, "तक्रारी करणाऱ्यांनी प्लंबर बोलवायला हवा होता." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "आणि हे वर जे आहे तो येशू नाही. हे मी कॅथलिक म्हणून सांगतोय. आमच्यात चमत्कार असा उठून जाहीर करत नाहीत. फ्रान्समध्ये लूर्दच्या तीर्थक्षेत्री बऱ्या झालेल्यांचे सात हजारांवर दावे नोंदलेत. डॉक्टर बसतात, वर्षानुवर्षं कागद तपासतात. चर्चने मान्य केले किती? सत्तरच्या आसपास."

त्यामुळे सभेचं चित्र असं झालं : येशू आहे म्हणणाऱ्या आमच्या हिंदू बाई, येशू नाही म्हणणारे कॅथलिक सर, आणि येशू नाही हे सरांशी मान्य असूनही सरांशी भांडायला निघालेले काका.

"मग मूळ चमत्काराला हा नियम का नाही लावत?" काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी कबर रिकामी. कोणते डॉक्टर बसले होते?"

सर या प्रश्नाची पंधरा वर्षं तयारी करत आलेत. येशू होऊन गेला हे रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो, रोमन सुभेदार पिलाताने त्याला मारलं म्हणून, आणि तो काही आपल्या बाजूचा माणूस नव्हता. प्रेषित पौलाचं करिंथकरांना पत्र क्रुसानंतर पंचवीस वर्षांच्या आतलं. त्यात पाचशेंहून अधिक जणांनी त्याला पाहिल्याचं आहे, आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत, असंही लिहिलंय. "म्हणजे जा आणि विचारा," सर म्हणाले. "आता मला सांगा, जो माणूस मीच मार्ग म्हणतो, तो एक तर खोटारडा, नाहीतर वेडा, नाहीतर खरंच देव. चौथं काय?"

ही तीन खुंट्यांची खुर्ची सरांची नव्हे, सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकाने लोकप्रिय केलेली. पण सर तिच्यावर जन्मापासून बसल्यासारखे बसतात.

"चौथं समोर आहे," काकांनी बोट वर केलं. "या डागाने कधी म्हटलं का, मी देव आहे म्हणून? लोकांनी म्हटलं. पंचवीस वर्षं कशाला, पंचवीस दिवसांत त्याचे तीन देव झाले!"

दोनशेचार म्हणाले, "आमच्या महाराजांनी स्वतःला कधी देव म्हणवून घेतलं नाही."

"बाबांनीही नाही," काकू म्हणाल्या. "सबका मालिक एक."

"रोमन सम्राट मात्र म्हणवून घ्यायचे," काकांना स्फुरण चढलं. "ऑगस्टसच्या नाण्यांवर छापलेलं असायचं, देवाचा पुत्र. का, तर बाप ज्युलियस सीझर मेल्यावर सिनेटने त्याला देव केला होता. आणि बाप तरी कसला, दत्तक!"

मला या सभेत एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगायची संधी मी सोडणार नव्हतो. सम्राट व्हेस्पासियन मरणाला टेकला तेव्हा म्हणाला, "अरेरे, मी बहुतेक देव होतोय." सन ७९. सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत.

त्याऐवजी ते म्हणाले, "मतदान घेऊन टाकू का?"

"घ्या!" काका खुर्चीतून उठले. "३२५ साली नायसियाला हेच झालं. सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशप बोलावले. आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता, पुत्र पित्याने निर्माण केलेला, म्हणजे बरोबरीचा नाही. बहुमताने त्याला बाहेर काढला. जनरल बॉडीत देव ठरला!"

आता सरांचा आवाज चढला. "ठरला नाही, शब्दांत मांडला! नायसियाच्या दोनशे वर्षं आधी प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं गातात. लोक आधी हात जोडतात हो, ठराव मागाहून होतो."

"आणि ठरावानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं मारामाऱ्या. पुत्राचं तत्त्व पित्याचं 'तेच' की पित्यासारखं 'तसंच'! ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा."

"एका अक्षराने अर्थ बदलतो," मराठीचे सर म्हणाले. "तुमच्या नोटिशीत 'पाणी बंद' ऐवजी 'वाणी बंद' छापलं होतं. त्या दिवशी किराण्याला कुणी गेलं नाही."

मला मात्र तो ग्रीक वाद एकदम घरचा वाटला. माझ्या बादलीतलं पाणी हे सरांच्या बाथरूममधलं 'तेच', की बाहेरच्या पाइपमधलं 'तसंच'? माझंही सगळं त्यावरच अडलं होतं.

एव्हाना ही दुसरं आधण घेऊन बाहेर आली होती. सर कबरीवर आले होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेच्या, सर्वांत जुन्या प्रती कुठे थांबतात, सांगत होते. बाया पहाटे कबरीशी जातात, आत बसलेला तरुण म्हणतो तो उठलाय, आणि बाया थरथरत पळून जातात. घाबरल्यामुळे कुणाला काही सांगत नाहीत. संपलं.

"बायकांनी सांगितलं नाही?" तीनशेदोनच्या काकूंना हा सगळ्यांत मोठा चमत्कार वाटला.

"लूकमध्ये सांगतात," सर म्हणाले. "पण शिष्यांना ती बडबड वाटते. त्या काळी बायकांच्या साक्षीला वजन नव्हतं. रचलेलीच गोष्ट असती तर पहिले साक्षीदार म्हणून बायका कशाला घातल्या असत्या कुणी?"

हिने ट्रे टीपॉयवर जरा जोरातच ठेवला. "सर, मी जूनमध्ये सांगितलं होतं," ती म्हणाली. "हे म्हणाले, सुकेल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन हजार वर्षांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटल्यासारखे सर मान हलवत राहिले. या एका मुद्द्यावर काकाही गप्प बसले. त्यांच्या घरीही काहीतरी जूनमधलं असावं.

शेवटी काकांनी येशूचा शिष्य थॉमस काढला. "जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला ना? तो आमचा माणूस. आणि तुमच्या प्रभूने त्याला हाकलला नाही, घाल म्हणाला बोट. सर, तुम्ही नहाणी ट्रॅपमध्ये घालू द्या."

सर बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत होते. "घातलं असं योहान लिहीत नाही," ते म्हणाले. "घाल म्हटल्यावर तो नुसता म्हणाला, माझा प्रभू, माझा देव." मग उठले. "पण तुम्ही घाला. चला."

प्लंबर लोक करतात तीच चाचणी : वरच्या बाथरूमच्या जाळीतून रंगीत पाणी ओतायचं आणि खाली बघत बसायचं. काकांच्या घरी रंगपंचमीचा उरलेला रंग होता. लाल. हिरवा असता तरी चाललं असतं, हे मी नंतर शंभरदा म्हणालो. दोन बादल्या ओतल्या. आम्ही खाली येऊन माना वर करून बसलो. तासभर काही नाही. सरांचा चेहरा खुलायला लागला. मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक लालसर ठिपका आला, फुगला, लोंबला आणि दाढीतून ओघळत बादलीत पडला. टप्.

काकू किंचाळल्या.

पुढचे दोन तास मी दारात उभा राहून, हे रक्त नाही, रंगपंचमी आहे, असं सांगत होतो. बी विंगमधून माणसं आली. कुणी हार आणला. बाईंनी खाली मेणबत्ती लावली, काकूंनी उदबत्त्या, आणि त्या धुराने दाढी आणखी दाट झाली. दोनशेचारांनी नारळ फोडला तो माझ्या उंबऱ्यावर, टाइलचा टवका उडाला. काका कोपऱ्यातून "केशाकर्षण! केशाकर्षण!" ओरडत होते आणि एक आजी त्याचा जप समजून हात जोडत होत्या.

सर खाली उतरले. गर्दीने वाट दिली. त्यांनी खिशातला चष्मा लावला, वर बघितलं, एक बोट बादलीत बुडवलं आणि उजेडात धरलं.

"माझंच पाणी," म्हणाले. आणि काकांकडे वळून, "तेच. तसंच नव्हे."

खर्च सरांनी केला. नाताळच्या टाइल्स फुटल्या, ट्रॅपचा जोड उघडा पडला. तो गेल्या वेळी नुसता पांढऱ्या सिमेंटने चोपडला होता. प्लंबर त्याला नानी ट्रॅप म्हणत होता आणि सर त्याला दर वेळी नहाणी म्हणून सुधारत होते. चार दिवस सर अंघोळीला पाचशेएककडे जात. नास्तिकाच्या बाथरूममध्ये बसून मोठ्याने स्तोत्रं म्हणत, अशी काकांची तक्रार. मग माझं छत खरवडलं, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. काकूंनी खरवडलेल्या पोपड्यांतला एक तुकडा मागून नेला. मी दिला. कोणत्या देवाचा, ते विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रंगारी गेला. रविवारी पहाटे ही दुधाला उठली. बाथरूमबाहेर दिवा लावून थांबली, वर बघितलं. नव्या पांढऱ्या रंगातून दाढीची पिवळी कड बरोब्बर जुन्या जागी वर आली होती.

या खेपेला तिने कुणाला काही सांगितलं नाही. मोरीतून बादली आणली आणि खाली ठेवली.